हेडफोनमधून गळलेला आवाज

टिचकीसाहेब गेले तेव्हा शोकसभेत दोन शब्द बोला म्हणून रेकॉर्डिस्टला उभं केलं. एकतीस वर्षं तुम्ही त्यांच्याबरोबर काढलीत, तुमच्याइतकं त्यांना कोण ओळखणार, असं सगळ्यांचं म्हणणं. रेकॉर्डिस्ट माइकपाशी गेला. माइक तोंडाच्या फार जवळ येत होता, म्हणून त्याने तो चार बोटं मागे सरकवला, जरासा तिरका केला आणि विचारलं, "मागे नीट ऐकू येतंय का?" शेवटच्या रांगेतल्या दोघातिघांनी माना हलवल्या. तेवढ्यावर तो जागेवर येऊन बसला.

शेजारच्या खुर्चीत साहेबांच्या पत्नी होत्या. रेकॉर्डिस्ट त्यांना वहिनी म्हणत असे. त्यांनी मांडीवरच्या पाटीवर काहीतरी लिहिलं आणि पाटी त्याच्याकडे वळवली. "छान बोललात."

खरं सांगायचं तर त्याच्याजवळ बोलण्यासारखं फारसं नव्हतंच. त्या एकतीस वर्षांतली बहुतेक वर्षं त्याने साहेबांना काचेतून पाहिलं होतं. तो यंत्रांच्या खोलीत, साहेब गाण्याच्या खोलीत आणि मध्ये दुहेरी काच; बोलायचं ते माइकवरून. साहेबांच्या डोक्यामागचा भोवरा त्याला पाठ होता. कुठल्या सुराला त्यांचे डोळे मिटतात हेही सांगता आलं असतं. पण ते सख्ख्या भावाशी का बोलत नव्हते, त्यांना कशाची भीती वाटायची, एकटे असताना ते काय करायचे, यातलं काहीच त्याला ठाऊक नव्हतं. एवढ्यावर माणूस ओळखला म्हणायचं का? त्याला स्वतःला तसं वाटत नसे.

साहेब मुळात वाद्यांच्या दुकानात विक्रेते होते. गिऱ्हाईक आलं की कीबोर्ड वाजवून दाखवायचा, एवढंच काम. दुसऱ्यांची गाणी वाजवून वाजवून कंटाळा आला तसे ते मनानेच चाली रचून वाजवू लागले. गिऱ्हाइकं कीबोर्ड राहू द्यायची आणि विचारायची, "हे गाणं कुठलं हो?" दुकानाचा मालक वैतागला. "तुम्ही इथं वाद्यं विकायला बसलात की लोकांना रडवायला?" पण एक गिऱ्हाईक असं निघालं की त्याची स्वतःची रेकॉर्ड कंपनी होती. असं म्हणतात. खरंखोटं रेकॉर्डिस्टला माहीत नाही.

कंपनीत साहेब गाणं लिहायचे, चाल लावायचे, वादक निवडायचे आणि रेकॉर्ड पुरी होऊन बाहेर पडेपर्यंत सगळं निस्तरायचे. गाणं सुरू करायच्या आधी उजव्या हाताने दोन टिचक्या मारायचे, म्हणून टिचकीसाहेब. त्यांचं पहिलं गाजलेलं गाणं, "थांब ना, एक गोष्ट सांगायची राहिली." दोन वर्षं ते गाणं लिफ्टमध्ये, सलूनमध्ये, दातांच्या डॉक्टरकडे, जिथं जावं तिथं पाठ सोडत नव्हतं. पुढची दीडशे-दोनशे गाणीही त्याच वळणाची. पत्र टाकायचं राहिलं, मागे वळून बघायचं राहिलं. कंपनीचे मालक म्हणायचे, "साहेब, एकदा तरी कुणाचं काम तडीस जाऊ द्या की!"

स्टुडिओ चपलांच्या दुकानाखालच्या तळघरात होता. भिंतींना जाड पडदे आणि सगळीकडे नव्या चामड्याचा वास. वर कुणी टाचांचे बूट घालून चालून पाहिले की खाली टकटक ऐकू यायची. त्यामुळे संथ गाणी दुकान बंद असेल त्या दिवशीच करावी लागत.

आणि प्रत्येक गाण्याची सुरुवात वहिनींपासून व्हायची. एका टेपवर आठ ट्रॅक असत, म्हणजे शेजारी-शेजारी आठ गल्ल्याच म्हणा. एकेका गल्लीत एकेकाचा आवाज. त्यातल्या एका ट्रॅकवर आधी वहिनी गाणं म्हणून ठेवायच्या. त्याला डमी म्हणत. कंपनीची मोठी गायिका, जिला सगळे नुसतं बाई म्हणायचे, ती दुसऱ्या दिवशी यायची, हेडफोनमध्ये डमी ऐकायची आणि त्याबरहुकूम दुसऱ्या ट्रॅकवर गायची. बाईंचा आवाज म्हणजे सोनं, पण ताल कच्चा. दोन ओळींच्या मधे त्या हमखास आधीच घुसायच्या. म्हणून वहिनी डमीत मधल्या रिकाम्या जागी अंक मोजून ठेवायच्या, व्हायोलिनचे तुकडे गुणगुणून ठेवायच्या. लहान पोराला बोट धरून रस्ता ओलांडून द्यावा तसं त्या बाईंना गाण्यातून पलीकडे न्यायच्या.

बाईंचं काम झालं की व्हायोलिनला ट्रॅक कमी पडायचा. मग रेकॉर्डिस्ट काचेतून विचारायचा, "पुसू?"

साहेब न बघता म्हणायचे, "पूस."

तो बटण दाबायचा आणि वहिनींच्या जागी व्हायोलिन यायचं. एकतीस वर्षांत त्या दोघांमध्ये सगळ्यात जास्त वेळा झालेलं बोलणं ते हेच.

वहिनी स्वतः का गात नाहीत, असं मालकांनीच एकदा विचारलं होतं. साहेब म्हणाले, "पुढचं गाणं तिचंच आहे." ते खोटं बोलत नव्हते. पण गाणं चांगलं उतरलं की कंपनीला ते बाईंकडूनच हवं असायचं. आणि वाईट उतरलं तर ते वहिनींच्या गळ्यात कसं मारायचं? असं करता करता पुढचं गाणं पुढेच राहिलं. वहिनी हसून म्हणायच्या, "मी आपली रस्ता झाडणारी. मिरवणूक बाईंची." त्या हसण्याखाली काय होतं, हे विचारायची रेकॉर्डिस्टची प्राज्ञा नव्हती.

पुढे संगणक आले, कंपनी बसली, तळघरात चपलांची खोकी रचली गेली. टेपा फेकून देणार होते. रेकॉर्डिस्टने त्या घरी आणून पलंगाखाली ठेवल्या. जुनं मशीनही आणलं. सूनबाई म्हणाली, "बाबा, तुमचं पुसायचं यंत्र तेवढं माझ्या झाडूपोछ्याच्या आड येऊ देऊ नका."

मग एके दिवशी सकाळी टिचकीसाहेब त्याच्या दारात उभे राहिले. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. वहिनींच्या घशाचं ऑपरेशन झाल्याचं त्याने ऐकलं होतं; स्वरयंत्र काढावं लागलं होतं, आवाज कायमचा गेला होता. भेटायला जायचं रोज ठरवून तो गेला नव्हता. जाऊन बोलायचं काय?

साहेब खुर्चीच्या कडेवर बसले. "मागच्या आठवड्यात तिने पाटीवर लिहिलं," ते म्हणाले. "'माझा आवाज कसा होता, आठवत नाही.' मी म्हटलं, हात्तिच्या, त्यात काय? आमच्याकडे ढिगाने असेल. आणि मग लक्षात आलं. एखादी डमी राहिली असेल का रे? एखादी?"

"बघू या साहेब," रेकॉर्डिस्ट म्हणाला.

त्याच दिवसापासून ते बसले. रोज सकाळी नऊला साहेब येत, सूनबाई चहा ठेवून जाई आणि दोघं एकेक टेप मशीनवर चढवून आठही ट्रॅक वेगवेगळे ऐकत. ज्या ट्रॅकवर वहिनी असायच्या तिथं व्हायोलिन होतं. प्रत्येक टेपवर. मग साहेबांना सुचलं की बाईंचा ट्रॅक ऐकावा. गाताना हेडफोनमधून थोडा आवाज बाहेर गळतो, तो समोरच्या माइकमध्ये शिरतो, तसे वहिनींचे चार थेंब कुठे सांडले असतील. पण रेकॉर्डिस्टचा लौकिक त्याच कामासाठी होता. बाईंच्या दोन ओळींमधली प्रत्येक जागा त्याने धुऊनपुसून लख्ख केलेली. शेवटची टेप संपली तेव्हा अठरा दिवस झाले होते. तिच्यातही बाई गायच्या, थांबायच्या आणि त्या थांबण्यात काही म्हणजे काही नसायचं.

साहेबांनी फिरती चकती थांबवली. मग उठताना म्हणाले, "काम फार स्वच्छ केलंस रे तू."

टोमणा नव्हता तो, शाबासकीच होती. म्हणूनच दुपारी रेकॉर्डिस्ट ताटातला घास नुसता चिवडत बसला.

सूनबाईने विचारलं, "बाबा, भाजी खारट झालीय का?"

"नाही गं. घाण कुठे राहिली का, ते आठवतोय."

"कुठली घाण?"

हे बोलता बोलताच त्याला ते आठवलं. एकच खोकं त्याने पलंगाखाली ठेवलं नव्हतं. त्याची त्याला लाज वाटायची, म्हणून ते कपाटाच्या वर, भिंतीकडे तोंड करून ठेवलं होतं. त्या दिवशी बाई कानाच्या वरच्या पाळीला नवं भोक पाडून आल्या होत्या. हेडफोन कानावर ठेवायला तयार नव्हत्या. एका बाजूचा त्यांनी गालावर ओढून घेतला. तो काचेतून ओरडला होता, "बाई, कानावर घ्या, सगळं गळतंय!" त्या म्हणाल्या, "तुमच्या कानाला टोचून घ्या, मग सांगा." व्हायोलिनवाले खोळंबले होते म्हणून डमी त्याच दिवशी पुसली, साफसफाई राहिली. मग मालकांना ते गाणं फारच रडकं वाटलं आणि ते कधी बाहेर पडलंच नाही. खोक्यावर त्याच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, "गळती फार. नंतर साफ करणे."

त्याने एकट्याने ऐकलं नाही. तो अधिकार आपला नाही असं त्याला वाटलं. फक्त बाईंचा ट्रॅक कॅसेटवर उतरवला, तोही आवाज बंद करून, आवाजाची पातळी दाखवणाऱ्या हलत्या काट्याकडे नुसतं बघत. बाई थांबायच्या तिथेही काटा पूर्ण खाली पडत नव्हता. तेवढ्यावरून त्याला कळलं.

दुसऱ्या दिवशी तो साहेबांच्या घरी गेला. तिसरा मजला, खिडकीशी दोन खुर्च्या, जेवणाच्या टेबलावर कॅसेट मशीन. वहिनींच्या गळ्याला पांढरा रुमाल. त्यांनी पाटीवर लिहिलं, "वाट चुकलात?" तो ओशाळून हसला आणि कॅसेट लावली.

बाईंचा आवाज खणखणीत आला. पहिली ओळ संपली. आणि मग, भिंतीपलीकडच्या घरात कुणी बोलावं तसं, बारीक, "दोन... तीन... चार... आता या, बाई."

साहेबांनी टेबलाची कड धरली.

पुढच्या जागेत व्हायोलिनचा तुकडा, गुणगुणलेला. त्याच्या पुढच्या जागेत बाई आधीच घुसल्या आणि त्यांच्या आवाजाच्या काठाशी, आदल्या दिवशीच हे ठाऊक असल्यासारखं, एक लहानसं हसू ऐकू आलं. गाणं म्हणून त्यात वहिनींची एक ओळसुद्धा नव्हती. ओळी सगळ्या बाईंच्या. पण शेवटी, बाईंचा सूर विरल्यावर, अगदी स्वच्छ आलं, "झालं ना? जाऊ मी? कपडे वाळत घातलेत."

मग नुसती खरखर.

रेकॉर्डिस्ट आपल्या पायांकडे बघत होता. पेन्सिलीचा आवाज आला. पाटीवर लिहिलं होतं, "बाई आधी घुसते ती घुसतेच."

साहेब हसायला गेले आणि त्यांचं तोंड वेडंवाकडं झालं. वहिनींनी पाटी पुसली, लिहिलं, "पुन्हा." त्याने पुन्हा लावलं. ह्या खेपेला मोजणी आली तशी वहिनींची पेन्सिल पाटीच्या कडेवर वाजू लागली. दोन, तीन, चार. ओठही हलत होते. आवाज कॅसेटमधून येत होता आणि ओठ इथं हलत होते, आणि क्षणभर रेकॉर्डिस्टला दोन्ही बरोबर बसल्यासारखं वाटलं.

तिसऱ्यांदा ऐकून झाल्यावर त्यांनी बराच वेळ घेऊन लिहिलं आणि पाटी साहेबांपुढे धरली.

"पुढचं गाणं माझं ना?"

साहेबांनी उजवा हात वर केला. टिचकी मारायला गेले. बोटं नुसतीच एकमेकांवरून घसरली, आवाज झाला नाही. त्यांनी पुन्हा करून पाहिलं. मग तो हात वहिनींनी आपल्या हातात घेतला आणि पाटी उपडी करून ठेवली. रेकॉर्डिस्ट चहा न घेताच निघाला. जिन्यात त्याला वरून तेच पुन्हा ऐकू आलं. आता या, बाई.

त्यानंतर साहेबांची प्रत्यक्ष भेट झाली नाही. जायला हवं होतं. दोन महिन्यांनी, साहेब वारले त्याच्या आठवडाभर आधी, त्यांचा फोन आला होता, तो कशासाठी तर मशीनसाठी.

"अरे, कॅसेटला खरखर येतेय. ती रोज लावते. झिजली का?"

"कॅसेट नाही झिजत एवढ्यात. मशीनचं हेड मळलं असेल. पुसा ते."

"कशाने पुसू?"

"स्पिरिटने. कापसाच्या बोळ्यावर घ्या थोडं. आणि दाबू नका."

"कापूस आहे घरात. बरं."

"सुकू द्या मग जरा. लगेच लावू नका."

"बरं. ठेवतो."