सुजलेली पोटरी

"तुमच्या फुप्फुसात रक्ताची गाठ अडकली आहे," बारामतीच्या हॉस्पिटलात डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि मी मूर्खासारखं विचारलं, "मग गुडघा?"

माझ्या डोक्यात तेव्हा गुडघ्याशिवाय काही नव्हतंच. मी गोव्यातल्या एका क्लबचा डिफेंडर. बारामतीजवळच्या आमच्या पणदरे गावात फुटबॉल म्हणजे बिनकामाची लाथाळी. तिथून मी पगारी खेळाडू झालो होतो. मॅचमध्ये पाय रुतला, अंग फिरलं आणि एसीएल तुटलं. एसीएल म्हणजे गुडघा जागेवर धरून ठेवणारी आतली दोरी. पुण्यात ऑपरेशन झालं. पुढच्या सीझनला खेळशील, असं सगळे म्हणत होते. मी घरी बर्फ लावत दिवस ढकलत होतो.

मग त्याच पायाची पोटरी सुजली. टणक आणि गरम. दुसऱ्या कुणाच्या घरून डॉक्टरला फोन गेला असता, आमच्या घरात तात्यांना हाक गेली. तात्या माझे थोरले चुलते, जुने पैलवान. तालमीतलं सगळं मुरगळलेलं त्यांच्या हाताखालून जायचं. माझे पाय तर लहानपणापासून त्यांनीच चोळलेले.

"नस धरलीय, दुसरं काय न्हाय. तेल कोमट कर गं," ते माझ्या आईला म्हणाले.

चोळल्यावर बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. म्हणून दुसऱ्या दिवशीही चोळून घेतलं. त्यानंतर एका सकाळी दात घासताना छातीत कळ आली आणि श्वास वरच्या वर राहायला लागला. अख्खी मॅच पळणारा मी, मला मोरीपासून पलंगापर्यंत येता येईना. बारामतीच्या रस्त्यावर आमच्या गाडीपुढं उसाची ट्रॉली होती, ती बाजूला होईना. मी आईचा हात धरला होता. आता मरतोय, एवढंच वाटत होतं.

डॉक्टरबाईंनी सीटी स्कॅन दाखवून समजावलं. डीव्हीटी म्हणजे पायाच्या खोल शिरेत रक्त गोठणं. तिथून गाठ सुटून फुप्फुसात गेली की पल्मनरी एम्बोलिझम. आयसीयूत मला झोपायचीच भीती बसली. डोळा लागला तर श्वास घ्यायचा राहून जाईल, असं वाटायचं.

दाराशी तात्यांनी विचारलं, "बाई, म्या चोळलं म्हणून झालं का?"

"त्यामुळंच सुटली असं छातीठोक सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या. "पण ऑपरेशननंतर एका पायाची पोटरी सुजली, तर चोळायची नाही. थेट दवाखाना."

हे वाचणाऱ्यांनी दुसरं काही लक्षात ठेवलं नाही तरी चालेल, एवढं ठेवा.

पुढं आणखी तपासण्या झाल्या. त्यात थ्रोम्बोफिलिया निघाला, म्हणजे रक्ताचा स्वभावच लवकर गोठण्याचा. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या आता कायमच्या. "या गोळ्यांवर डोक्याला मार लागला तर आत रक्तस्राव होईल," डॉक्टरबाई म्हणाल्या. "फुटबॉल बंद." मी हेडर मारून, म्हणजे डोक्यानं चेंडू उडवून पोट भरणारा माणूस. पार्किंगमध्ये ढसाढसा रडलो.

आता इंदापुरात मुलींना फुटबॉल शिकवायचं ठरलंय. शिट्टी वाजवण्याइतका दम आहे, हे काय कमी आहे? पण भीती गेलेली नाही. जिना चढताना धाप लागली की मी थांबतो, आणि रोज अंघोळीला दोन्ही पोटऱ्या शेजारी शेजारी धरून बघतो.

हॉस्पिटलातून आल्यापासून तात्या माझ्याजवळ बसत नव्हते. हात पाठीमागं बांधून दारातच उभे राहायचे. शेवटी मीच म्हटलं, "तात्या, कुबड्यांनी खांदे धरलेत. खांदे चोळायला डॉक्टरबाई हो म्हणाल्यात. बघा जरा."

"नगं रं बाळा. मला ह्या हातांचं भ्या वाटतंय."

"मलाबी वाटतंय. तरी बसा."

ते मागं येऊन बसले. तेल घेतलं नाही, चोळलंही नाही. नुसते दोन्ही हात माझ्या खांद्यांवर ठेवले आणि बराच वेळ तसेच राहिले. माझा श्वास चालू आहे का, ते बघत असावेत. मीही तेच बघत होतो.