हवेतला घोडा

"गाडी मोकळी झाल्याबिगर शेवटचं पान न्हाई," असं म्हणून तो पुस्तक मिटायचा आणि तिकिटांच्या पेटीखाली दाबून ठेवायचा. मग गाडी जतच्या स्टँडात लागायची. पोती, पाट्या, कडेवरची पोरं, सगळं उतरायचं. शेवटचा माणूस खाली गेला की हा मागच्या लांब बाकावर ऐसपैस बसून ते एक पान वाचायचा आणि मला हाक मारायचा, "डायवर, जितला रं!"

कोण जितला ते मला ठाऊक असायचं. वाटेतल्या प्रत्येक चहाला त्यानं तोवरची गोष्ट माझ्या कानात ओतलेली असायची.

तो आमच्या लाल गाडीवरचा कंडक्टर. आमच्याकडे कंडक्टरला मास्तर म्हणतात. सातारा ते जत या फेरीवर नव्वदनंतरची कैक वर्षं आम्ही जोडीनं काढली. मी डायवर. शाळा चौथीत सुटली, पण माझ्या गाडीला कुणी नावं ठेवल्याचं मला आठवत नाही. मास्तर पन्नाशीचा, अंगानं दांडगा, मिशा अशा की नुसत्या बघून माणूस आपण होऊन तिकीट मागायचा. आणि असला गडी वाचायचा काय, तर चित्रांची पुस्तकं. कॉमिक. राजे, राक्षस, तोंडातून फुगे निघणारी माणसं. हातातला पेपर संध्याकाळपर्यंत घडीचा घडीच राहायचा.

तुम्हीही अशी मोठी माणसं बघितली असतील. बहुतेक जण त्या पुस्तकाला कव्हर घालतात, कुणी आलं की मांडीखाली सारतात. मास्तरनं कधी लपवलं नाही. एकदा वडूजला एक टोपीवाले आजोबा म्हणाले, "आवं मास्तर, ही पोरासोरांची पुस्तकं. कवा सोडायची?"

"तुमी तंबाखू कवा सोडताय?"

"ती कुठं सुटतीया आता!"

"मग बसा गप. माजी न्हाई सुटत."

मी पण त्याला चिडवायचो. पण आटपाडीच्या अलीकडे गाडी बंद पडली, त्या दिवशी माझं तोंड बंद झालं. उन्हाचा तडाखा, सावलीला दोन बाभळी, आणि दुसरी गाडी येईपर्यंत माणसं माझ्या अंगावर यायला लागलेली. मास्तरनं आपली पिशवी सोडली आणि प्रत्येकाच्या हातात एकेक कॉमिक दिलं. ज्यांना वाचता येत नव्हतं तेही चित्रं बघत बसले. दुसरी गाडी आली तरी कुणी उठेना! "थांबा की वाईच, राक्षस मरू द्या," एक म्हातारी त्या गाडीच्या डायवरला म्हणाली.

तिथंच ती घोड्याची भानगड सुरू झाली. एका मेंढपाळाच्या वाट्याला जे पुस्तक आलं, त्याच्या शेवटी शत्रू मागं लागलेत, पूल तुटलाय, आणि स्वारानं घोडा दरीवरून उडवलाय. घोडा मधोमध हवेत. खाली लिहिलेलं, पुढची गोष्ट दुसऱ्या भागात. मेंढपाळानं चित्र लांब धरून बघितलं, जवळ धरून बघितलं, आणि म्हणाला, "मागलं पाय ढिलं पडल्यात. ह्यो पल्याड पोचत न्हाई."

मास्तर असा बघत राहिला, की जणू कुणी त्याच्या घरातल्या माणसाबद्दल वंगाळ बोललंय. "पोचतोय," तो म्हणाला.

मी म्हटलं, "मास्तर, जनावराचं त्याला कळतंय. पडणार."

"पोचतोय रं!"

"पडणार."

मी एकदा म्हटलं की म्हटलं. तेव्हापासून आमच्यात घोडा हा विषय कायमचा झाला.

आम्हा डायवर-कंडक्टर लोकांत एक रीत होती. समोरून आपली गाडी आली की दोघांनी वेग कमी करायचा, खिडकीला खिडकी लावायची आणि द्यायचं-घ्यायचं उरकायचं. कुणाच्या आईचं औषध, कुणाचा डबा, कुणाच्या लग्नाचा निरोप. मास्तर माझ्या मागून ओरडायचा, "घोड्याचा दुसरा भाग बघा रं कुठं!" सांगलीच्या गाडीला सांगितलं, मिरजेच्या, पाचगणीच्या गाडीला सांगितलं. त्या गाड्यांवरची पोरं हसायची. "मास्तर, घोड्याला चारा तरी टाकला का?" मास्तर म्हणायचा, "हवेत हाय अजून, कुठनं खाणार?"

दुसरा भाग काही मिळाला नाही. मास्तर रिटायर होऊन तासगावकडं आपल्या गावी गेला. तिथं साखरेच्या दुखण्यानं त्याचे डोळे नेले.

माझीही नोकरी संपत आली होती. विट्याच्या अलीकडे मिरजेच्या गाडीनं खिडकीला खिडकी लावली आणि डायवरनं एक चुरगळलेलं पुस्तक माझ्या मांडीवर टाकलं. "घ्या तुमचा घोडा. रद्दीत गावला."

सुट्टी काढून मी तासगावकडं गेलो. ओसरीवर मास्तर, त्याची बायको, नातवंडं, शेजारीपाजारी, सगळे गोळा झाले. मी वाचायला लागलो. मी हळू वाचतो. हळू वाचतो म्हणजे नीट वाचतो.

"चित्रात काय हाय?" मास्तर विचारायचा.

"राजवाडा."

"नुस्ता राजवाडा? दिवं लागल्यात का? सज्जात कोण हाय?"

मला सगळं सांगावं लागलं. गोष्ट रचणारा पण मोठा चेंगट. घोड्याचं शिंगरूपण, स्वाराचा बाप, जुनं वैर, सगळं आधी सांगत बसला. शेवटून दुसऱ्या पानावर पुन्हा तीच दरी आली आणि तोच घोडा. हवेत.

"उलटा की भावजी पान," मास्तरची बायको म्हणाली.

मास्तरचा हात चाचपडत आला आणि पुस्तकावर पडला. "गाडी मोकळी झाल्याबिगर न्हाई."

पण गाडी मोकळी होईना. चहा झाला, भडंग झालं, माणसं उठायला तयार नाहीत. माझ्या परतीच्या गाडीची वेळ झाली. मास्तर म्हणाला, "पुस्तक तूच ने. हितं ठेवलंस तर पोरं शेवट फोडत्याल. पुढल्या खेपंला वाचू. आन् ऐक गड्या, पडला असंल तर पडला म्हणून वाच. माजं मन राखू नगं."

"मी कवा कुणाचं मन राखलंय?" मी म्हटलं. तो लय हसला.

पुढली खेप व्हायच्या आधीच निरोप आला. कोरेगावच्या पुढं, खिडकीला खिडकी लावून. समोरच्या डायवरनं गाडी बंद केली तेव्हाच मला कळलं. नुसत्या निरोपाला कुणी गाडी बंद करत नाही.

पुस्तक माझ्याकडं आहे. नात म्हणते, "आजोबा, एकच तर पान राहिलंय, द्या मी वाचून दाखवते." मी देत नाही. घोडा पडला असेल तर मी जिंकलो, आणि ते मला नको आहे. पोचला असेल, तर "जितला रं" म्हणून ओरडायचा मान ज्याचा, तो नाही.

राहू दे हवेतच. माझी गाडी अजून मोकळी व्हायची आहे.