अपुऱ्या कथेला आलेली वाहवा

नव्वदीचं दशक संपत आलं तेव्हा बंगळूरला आमच्या संशोधन संस्थेत इंटरनेट आलं, आणि दुपारचा डबा संपला की मी संगणकावर मराठी मंडळींच्या ई-मेल गटात डोकवायला लागले. गटात एकानं पत्र टाकलं की ते सगळ्यांना पोचायचं. पुण्या-नागपुराहून इथे नोकरीला आलेले, काही अमेरिकेत गेलेले, सगळे रोमन लिपीत मराठी लिहायचे. मी कथा टाकायचे. तासाभरात 'अप्रतिम', 'डोळ्यांत पाणी आलं' अशी उत्तरं यायची. मला चटकच लागली. कथा सुचायच्या आधी तिला कोण काय म्हणेल ते सुचायला लागलं.

तशी मी जात्याच संशयी. भाजीवालीनं न मागता कोथिंबीर दिली तरी मी जुडी उलटून बघते. स्तुती मात्र कधी उलटून बघितली नव्हती.

लांब पत्र मध्येच तुटायचं, म्हणून मोठी कथा दोन पत्रांत पाठवायची आमची पद्धत होती. घर सोडून निघालेल्या एका बाईची कथा मी अशीच पाठवायला घेतली. पहिला भाग गेला, तेवढ्यात साहेबांनी बोलावलं आणि दुसरा राहूनच गेला. बाई के. आर. पुरम स्टेशनात, हातात बॅग घेऊन तिकीट खिडकीपाशी, अर्ध्या वाक्यात उभी. दुसऱ्या दिवशी बघते तर नेहमीपेक्षा जास्त उत्तरं. एकानं लिहिलं होतं, 'शेवट तर काळजाला भिडला.'

कुठला शेवट? 'पुढचा भाग कुठाय?' असं एकानंही विचारलं नव्हतं.

आधी हसू आलं, मग अंगाचा तिळपापड झाला. जुनी उत्तरं काढून बसले आणि एकेका 'अप्रतिम'कडे चोराकडे बघावं तशी बघू लागले. त्यांनी माझ्या कथेला वाहवा म्हणायचं, मी त्यांच्या कवितेला; अहो रूपम् अहो ध्वनिः! मग शंका माझ्याकडेच वळली. यांनी वाचलंच नसेल, तर मला लिहिता येतं हे कशावरून? माझं लिहिणं कुणाच्या आत पोचतं का, एवढंच मला कळायला हवं होतं, आणि ते विचारायला जागा उरली नव्हती. गटातून नाव काढून घेतलं. का म्हणून कुणी विचारलं नाही. त्याचंही वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पुढे कितीतरी दिवस एक ओळ उमटली नाही.

नवरा बंगळूरच्याच चामराजपेटेतल्या जुन्या मराठी घरातला. शिक्षण कन्नडमधून, मराठी घरात बोलण्यापुरतं. त्याला कथा वाचून दाखवावी असं मला कधी वाटलं नव्हतं. एका रविवारी सकाळी तो पावट्याच्या शेंगा सोलत बसला होता. त्याची परीक्षाच बघावी म्हणून मी तीच कथा जिथे तुटली होती तिथपर्यंत वाचली आणि गप्प बसले.

"सरी, बरं. पुढं?" तो म्हणाला.

हाही माझं मन राखतोय, असं मनात आलंच. तरी शेवट वाचला. बाई तिकीट काढते, गाडीत बसते, गाडी सुटते.

त्याचा हात थांबला. "नाही गं. ती अशी जायची नाही."

"का? बायकांनी घर सोडून गेलेलं नवऱ्यांना चालत नाही म्हणून?"

"स्वल्प ऐक तरी. ती बॅग शेजारच्या अक्काची मागून आणलीय ना तिनं? दुसऱ्याची वस्तू घेऊन ही बाई पळणार नाही. आधी परत देईल, मग जाईल."

"कथेतलं तुला काय कळतं?" म्हणून मी कागद आपटले. आणि तिथेच, शेंगांच्या टरफलांत बसून, मला रडू फुटलं. त्या बाईला माझ्याखेरीज आणखी कुणीतरी ओळखत होतं. माझ्यापेक्षा जरा जास्तच.