दादा उठेचना तेव्हा

काल लंडनच्या हॅरो भागातल्या फार्मसीत कुणीतरी दुखण्यावरचा स्प्रे मारून पाहिला आणि त्या वासाने मी हातातलं सामान तिथेच ठेवून बाहेर आले.

माझा दादा इथेच अमेरिकन फुटबॉल, म्हणजे तो चेंडू हातात घेऊन धडका देत खेळायचा खेळ, खेळायचा, पगारी खेळाडू म्हणून, दोनच सीझन. त्याचं नाव आज कुणाला आठवत नाही. एका दुपारी सामन्यात समोरच्या खेळाडूशी टक्कर झाली आणि तो पडला, तो उठेचना. मी प्रेक्षकांपुढचा कठडा ओलांडून धावले. संघाच्या फिजिओच्या हातांना तोच वास होता. त्याने दादाचा पाय जोरात दाबला, तेव्हा दादा मला मराठीत म्हणाला, "पाय जाणवतच नाहीयेत गं. आईला सांगू नकोस."

ॲम्ब्युलन्समध्ये त्याच्या पायाचा अंगठा हलला. त्याचं खेळणं मात्र तिथेच संपलं.

तेव्हा वाटलं, संकट टळलं. पण अजूनही दादाने फोन उचलला नाही, की तो उचलेपर्यंत मी पुन्हा पुन्हा लावत राहते.