आडव्या रेघांची चूक आणि सुलभाताई

सुलभाताई भोईर यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या स्टीलच्या पत्र्याच्या दोन नव्याकोऱ्या तुकड्यांवर बोंबलाचं कालवण ओतत होत्या. मानकोलीला त्यांच्या वर्कशॉपमध्ये मी काम मागायला गेलो होतो. ते दृश्य बघून मी दारातच थबकलो. आपण भलत्याच ठिकाणी आलो असं वाटलं. ताई वर न बघता म्हणाल्या, "उभा काय रं? फडका घे, पूस."

मी घाबरत पुसलं. एका तुकड्यावरची हळद चटकन निघाली, दुसऱ्याच्या रेघांत पिवळेपणा अडकून राहिला. शेजारी एका कारखान्याच्या कॅन्टीनचे मालक उभे होते. ताई त्यांना म्हणाल्या, "बघितलंत? तुमच्याकडं पुसणारा असाच कुणीतरी असंल. त्याच्या हातानं पत्रा निवडा, डोल्यांनी न्हाय." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "उद्यापासून ये."

ताईंच्या साठाव्या वर्षानिमित्त निघणाऱ्या या अंकात मी लिहावं असं सगळ्यांनी ठरवलं, तेव्हाही माझी अवस्था त्या दारातल्यासारखीच झाली. माझं शिक्षण अर्धवट राहिलेलं आहे. तरी प्रत्येक शब्द तपासून लिहितो आहे. चूकभूल माफ असावी.

ज्यांना आमचं काम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. स्टीलचा पत्रा मशीनच्या खरखरीत पट्ट्याने एकाच दिशेने घासला की त्यावर बारीक रेघा उठतात. मग तो आरशासारखा डोळ्यांवर येत नाही आणि बोटांचे ठसेही लपवतो. लिफ्ट, जिन्याचे कठडे, हॉटेलांची स्वयंपाकघरं, कारखान्यांतली टेबलं, सगळीकडे हा पत्रा लागतो. पण रेघ बारीक हवी की जाड, उभी हवी की आडवी, हे जागेप्रमाणे ठरवावं लागतं. ते ठरवणं हे ताईंचं काम. आणि त्यांची ठरवण्याची पद्धत बघून माणूस हबकतो.

धामणकर नाक्याजवळच्या एका कापड कारखान्याचं टेबल आम्ही केलं होतं. त्यावरून दिवसभर कापड सरकणार होतं. आमचे पॉलिशचे उस्ताद इद्रीसभाई यांनी ते इतकं सुंदर घासलं होतं की बघत राहावं. ताई आल्या त्या लग्नाला जायच्या तयारीत, अंगावर नवी सिल्कची साडी. त्यांनी सरळ पदर उचलला आणि पत्र्यावरून ओढला. इद्रीसभाईंनी कपाळाला हात लावला. "अरे दीदी, साडी नयी है!"

"म्हणून तर," ताई म्हणाल्या. पदराचा एक धागा रेघेत अडकून वर आला होता. "हे बघ इद्रीस, माझा एक धागा गेला. तिकडं कापडाचा पूर्ण ताका जाईल. अजून बारीक घास, आणि कापड जिकडं जाणार तिकडंच रेघ जाऊ दे." धागा तसाच लोंबत ठेवून त्या लग्नाला गेल्या.

मला मापं पुन्हा पुन्हा तपासायची सवय आहे. त्यावरून पोरं मला 'मोजणी खातं' म्हणून चिडवत. एकदा एक जण ताईंसमोरच म्हणाला, "ह्याचं मोजून होईपर्यंत गिऱ्हाईक म्हातारं होईल." ताई हसल्या, पण म्हणाल्या, "मोजू दे त्याला. कापलेला पत्रा शिवता येत न्हाय." त्यानंतर कापायच्या आधी शेवटचं माप मीच घ्यायचं, असं त्यांनी ठरवून दिलं. माझ्यातल्या भीतीचा कुणी असा उपयोग करील, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

आता त्या हॉलबद्दल लिहितो. ते आठवलं की आजही मला सावरायला वेळ लागतो.

खारबावकडे खाडीच्या बाजूला दत्तूशेठ यांनी लग्नाचा हॉल बांधला. पुढच्या भिंतीला ब्रश केलेला पत्रा लावायचं काम आमच्याकडे आलं. ताईंचा शिरस्ता असा की पत्र्याचे नमुने जागेवर उघड्यावर टांगून ठेवायचे, पावसापाण्यात, वाऱ्यात, आणि मगच निवडायचे. पण लग्नसराई तोंडावर होती. दत्तूशेठ म्हणाले, "ताई, तुम्ही कराल ते." ताईंनी वर्कशॉपमध्येच नमुना पसंत केला. जरा जाड रेघ, तीही आडवी. त्याने हॉल लांबरुंद दिसणार होता. दिसलाही तसाच.

काही महिन्यांत भिंतीवर चहा सांडल्यासारखे तपकिरी डाग पडले. दत्तूशेठनी आम्हाला बोलावून घेतलं. आम्ही पोचलो तेव्हा ते हातात चुंबक घेऊन उभे होते. चांगल्या स्टीलला चुंबक चिकटत नाही, असं सगळे धरून चालतात. पत्र्याला चुंबक लागत नव्हतं, पण जिथे पत्रा वाकवला होता त्या कोपऱ्याला जरासं चिकटलं.

"हे बघा! नकली पत्रा हाय," ते ओरडले. गावातली माणसं जमली होती. "ताई, तुम्ही चांगलाच माल दिला असंल. पण ह्या तुमच्या भाईनं तो बाहेर विकला आणि हा लावला. मी पोलिसात देतो याला."

इद्रीसभाई पांढरेफटक पडले. "सेठ, बीस साल से दीदी के पास हूँ," एवढंच ते म्हणू शकले. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "सगळे असंच म्हणतात."

ताईंच्या पुतण्याने हळूच सुचवलं, "काकी, पत्रा देणाऱ्या व्यापाऱ्यावर टाकू ना. तो कुठं इथं हाय?"

ताईंनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. पिशवीतून फडकं आणि पॉलिशची पेस्ट काढली आणि स्वतः एक डाग घासला. डाग गेला. खाली पत्रा स्वच्छ होता.

"दत्तूशेठ, पत्रा नकली असता तर आतून गंजला असता. कोपरा वाकवला की चांगल्या पत्र्यालापण चुंबक थोडं धरतं. आता तो खांब बघा. त्याच पत्र्याचा हाय, त्याच इद्रीसनं घासलाय. त्यावर डाग हाय का?"

खांबावरच्या रेघा उभ्या होत्या. डाग नव्हता.

"उभ्या रेघेतून पाणी खाली जातं. आडव्या रेघेत खाडीचं खारं पाणी बसून राहतं. आडवी रेघ कुणी सांगितली? मी. खाडीवर जाड रेघ कुणी घेतली? मी. नमुना टांगला न्हाय, तोपण मीच. इद्रीसनं मी सांगितलं ते केलं. चूक माझी हाय."

मालकाला गिऱ्हाइकासमोर, गावासमोर असं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. दत्तूशेठ म्हणाले, "ताई, हे चार लोकांत बोललात. आता तुम्हाला काम कोण देईल?"

"न्हाय देणार. पण ह्याला चोर म्हणालात, ते आधी मागं घ्या."

दत्तूशेठनी शब्द मागे घेतला. कुरकुरत का होईना, घेतला. ताईंनी पूर्ण भिंत स्वखर्चाने उतरवून बारीक, उभ्या रेघांचा पत्रा लावून दिला. हॉलच्या स्वयंपाकघराचं आणि गेटचं काम मात्र दत्तूशेठनी दुसऱ्याला दिलं. ताई त्याबद्दल कधी काही बोलल्या नाहीत. इद्रीसभाई दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला मशीनवर होते.

इतर ठिकाणी काम केलेली माणसं आमच्याकडे येतात. मालकाची चूक हळूहळू खाली घरंगळते आणि शेवटी ज्याच्या हातात मशीन आहे त्याच्या अंगावर येते, हे त्यांच्या सवयीचं असतं. ही गोष्ट सांगितली की त्यांचा विश्वास बसत नाही. मी तिथे उभा होतो, तरी मलाही कधीकधी बसत नाही.

ताईंना उदंड आयुष्य लाभावं, गुडघ्यांचं दुखणं थांबावं, नजर अशीच तीक्ष्ण राहावी, ही आम्हा सर्वांची प्रार्थना. ती करताना आमचा स्वार्थही आहे, हे लपवत नाही.

लेख पूर्ण करण्याआधी मी इद्रीसभाईंना विचारलं, तुमच्या वतीने काय लिहू? त्यांनी मशीन बंद केलं आणि तोंडावरचा रुमाल काढला. मग म्हणाले, "लिख, दीदी सौ साल जियें. और ये भी लिख, खाना टाइम पे खाया करें. मैं बोलता हूँ तो सुनती नहीं. छपेगा तो सुनेंगी."