शोभाताईंचा धनेश

रविवारी मी रामाकोन्याला पक्षी बघायला गेले आणि माफी मागून आले... काय झालं ते सगळं सांगते.

पाखरांच्या फोटोंचा आमचा एक ग्रुप आहे. पांढुर्णा, सौसर, लोधीखेडा अशा आसपासच्या गावांतली साठेक माणसं. अ‍ॅडमिन देवरावकाका, रिटायर्ड पोस्टमास्तर. मी सौसरला शाळेत शिकवते.

काकांचे नियम मोजकेच. शुभ सकाळचे मेसेज नकोत, फोटो स्वतः काढलेला हवा, आणि हसायचं तर फोटोवर हसा, माणसावर नाही. बाकी थट्टा भरपूर चालते. एकानं कावळ्याचा फोटो टाकून "हा कोण?" विचारलं, तर काकांचं उत्तर, "तुमच्याकडंच पाहून राहिला, त्यालाच विचारा न!"

शोभाताई ग्रुपात आल्या गेल्या दिवाळीनंतर. रामाकोन्याजवळ संत्र्याच्या बागेत कामाला जातात. फोन साधा, फोटो कायम हललेले. कोणी लिहायचं, "ताई, पाखरू उडालं, फांदी राहिली." त्यावर त्यांचं ठरलेलं, "फांदी त चांगली आली न भाऊ?"

मे महिन्यात एका दुपारी त्यांचा एक फोटो आला... कडुनिंबाची ढोली, ढोलीच्या तोंडाशी धनेश, चोचीत पिकलं उंबर. एकदम स्पष्ट! धनेशाची मादी अंडी घालायला ढोलीत शिरते आणि आतून दार लिंपून घेते. बारीकशी फट तेवढी ठेवते. मग कित्येक आठवडे नर आणून देईल तेच तिचं खाणं.

पाच मिनिटांत वीसेक जणांनी पत्ता विचारला. ताईंनी कोणालाच दिला नाही.

मी नुकताच नवा कॅमेरा घेतलेला... मी त्यांना वेगळा मेसेज केला, "मी एकटीच येते, कोणाला सांगणार नाही." त्यांचं उत्तर आलं, "राग नका मानू मॅडम. मादी आत आहे. आता नका येऊ."

राग आलाच. खरं सांगायचं तर, बागेत काम करणारी बाई मला, पक्ष्यांवरची पुस्तकं वाचणाऱ्या शिक्षिकेला, 'नका येऊ' म्हणते, हे झोंबलं. मी ग्रुपवर लिहून टाकलं, "एक फोटो काय चांगला आला, लोक लगेच भाव खायला लागले."

मग ताईंचाच मेसेज आला. "पहिलाच चांगला आला मॅडम, खाऊ द्या न थोडा भाव!" सगळे हसले, विषय पुढं गेला.

संध्याकाळी काकांचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच शांत. "मॅडम, ताईनं हसण्यावारी नेलं, म्हणून तुमचं बोलणं बरोबर होत नाही." मी "हो काका" म्हटलं. आणि माफी मागणं उद्यावर ढकलत राहिले... महिना गेला.

शनिवारी ताईंचा मेसेज आला. "उद्या सकाळी मोकळ्या आहा का? पिल्लं बाहेर निघून राहिले. या आता."

ग्रुपवर नाही. फक्त मला.

सकाळी स्कूटीनं पोचले. ताई बागेच्या फाटकाशी उभ्या होत्या. पन्नाशीच्या, बारीक अंगाच्या, डोक्याला रुमाल बांधलेला. मला विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीमागं बसवलं आणि बोटानं दाखवलं. फांदीवर एक पिल्लू, शेपटी अजून आखूड, तोल सावरता सावरता पंख पसरत होतं. आई वरच्या फांदीवर. दुसरं पिल्लू ढोलीतून नुसतं डोकं काढून बघत होतं. मी कॅमेरा काढायचीच विसरले.

"मॅडम, काढा न आता," ताईच म्हणाल्या.

चार फोटो काढले. मग विचारलं, "तुम्ही महिनाभर इथंच होता. एकच फोटो कसा टाकला?"

त्यांनी ढोलीकडं बघत सांगितलं, "एकच काढला. मी फोन वर केला त तो दचकला. उंबर न देताच उडाला. तासभर आला नाही जी. आतमध्ये मादी वाट पाहून राहिली होती... माझा जीव खालीवर. मंग आला तो. त्या दिवसापासून मी फोन डब्याच्या पिशवीतच ठेवला. जेवायलाही पलीकडच्या शेताच्या धुऱ्यावर जात होती."

माझ्याच्यानं राहवलं नाही. म्हटलं, "ताई, मी ग्रुपवर फार वाईट लिहिलं. माफ करा."

त्यावर त्या काय म्हणाल्या, ते मी जन्मभर विसरणार नाही. "तुम्ही त फक्त पत्ता मागितला मॅडम. तिला उपाशी त मी ठेवलं होतं."

घरी येऊन मी सगळं जसंच्या तसं ग्रुपवर लिहिलं. माझा टोमणा, काकांचा फोन, महिनाभराची टाळाटाळ, सगळं. काकांनी खाली लिहिलं, "शोभाताई, एक नियम आता तुम्ही सांगा."

बऱ्याच वेळानं उत्तर आलं. "घरट्याचा पत्ता कोणी विचारायचा नाही. बाकी हसा खुशाल."

ताई, हे तुम्ही वाचाल तेव्हा नेहमीसारखं हसण्यावारी न्याल, माहीत आहे मला. पण माझं बोलणं पोटात घालून तुम्ही मलाच पहिलं बोलावलंत... एवढ्या मोठ्या मनाचं माणूस आमच्या ग्रुपात आहे, याचा फार आनंद वाटतो.