नंदूची कॅप्सूल

नंदू कुठेही गेला की आधी संडास कुठे आहे ते विचारायचा. लग्नाचा हॉल असो, कोणाचं नवं घर असो, देऊळ असो. त्याच्यासाठी घाटकोपरला मुलगी पाहायला गेलो होतो. आम्ही अजून चपला काढत होतो, तेवढ्यात हा मुलीच्या वडिलांना नमस्कार करता करता म्हणाला, "काका, बाथरूम कुठे आहे?" परत येताना अविनाश, म्हणजे माझा नवरा, त्याच्यावर चिडला. नंदू शांतपणे म्हणाला, "नंतर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं ना. त्यांनाही आणि मलाही." तिकडून काही निरोप आला नाही. पुढे त्याने मुली बघणंच बंद केलं.

नंदू माझा धाकटा दीर. लग्न होऊन मी मुलुंडच्या घरात आले तेव्हा तो धडधाकट होता. रविवारी मैदानावरून घामाघूम होऊन यायचा आणि आई, म्हणजे आमच्या सासूबाई, आंबोळ्या घालत राहायच्या. पुढे तो एका विमा कंपनीत लागला. अपघात झालेल्या गाड्या गॅरेजात जाऊन बघायच्या आणि नुकसान किती झालं ते ठरवायचं, हे त्याचं काम. मुलुंड, अंधेरी, बोरिवली, दिवसभर फिरती.

शौचातून रक्त पडायला लागलं तेव्हा त्याने कितीतरी महिने कोणाला सांगितलं नाही. मूळव्याध असेल म्हणून स्वतःच औषधं आणायचा. शेवटी अंधेरीच्या एका गॅरेजात चक्कर येऊन पडला तेव्हा सगळं बाहेर आलं. अल्सरेटिव्ह कोलायटिस. मोठ्या आतड्याला आतून सूज येते, जखमा होतात, शरीर आपल्याच आतड्यावर उलटतं. कधी महिनोन् महिने शांत असतं, कधी एकदम उसळतं. औषधांनी दबतं, पण कायमचं जात नाही. हे मी आईंना समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे खाल्ल्यामुळे नाय ना झाला? माझ्या हातचा खाऊन नाय ना?" नाही म्हटलं. तरी त्यांनी आंबोळ्या करणं सोडून दिलं.

नंदूच्या डोक्यात मग उपनगरांचा एक वेगळाच नकाशा तयार झाला. कुठल्या पेट्रोल पंपावर कुलूप नसतं, कुठल्या हॉटेलचा मालक काही बोलत नाही. गोरेगावला जायचं तर आरे कॉलनीतून जाणारी बस तो घेत नसे. "छान आहे गं ती वाट, वहिनी," म्हणायचा, "पण नुसती झाडंच झाडं. माणसाने उतरून जायचं कुठे?"

पार्ल्याच्या बाजूच्या एका हॉस्पिटलात तो दाखवायला जायचा. तिथे डॉक्टर केतकी म्हणून एक तरुण बाई होत्या. एकदा त्यांनी विचारलं, आमच्या एका अभ्यासात येता का? आतड्याला उपयोगी पडतील असे जीवाणू कॅप्सूलमधून द्यायचे, प्रोबायोटिक. नेहमीच्या गोळ्या चालूच ठेवायच्या. पण निम्म्या लोकांना जीवाणूंची कॅप्सूल मिळणार आणि निम्म्यांना तशीच दिसणारी रिकामी, आत नुसतं पीठ. कोणाला कुठली, ते अभ्यास संपेपर्यंत रोग्यालाही कळणार नाही आणि डॉक्टरलाही. "उपयोग होईलच असं मी म्हणत नाही," त्या म्हणाल्या. "तेच तर बघायचंय." नंदू लगेच हो म्हणाला.

आणि त्याला बरं वाटायला लागलं. आधी रक्त थांबलं. मग संडासच्या फेऱ्या कमी झाल्या. अंगावर मांस चढलं. जेवणाच्या टेबलावर दुसरा विषय नसायचा. "नवीन भाडेकरू आलेत आत," पोटावर हात ठेवून सांगायचा. "सभ्य लोक आहेत. जुन्यांनी पार वाट लावली होती बिल्डिंगची." सोसायटीतल्या बायकांना तो जिन्यात थांबवून जीवाणूंची माहिती द्यायचा. आईंना म्हणाला, "घाल गो आंबोळी." आईंनी घातली. एका रविवारी मला मुद्दाम घेऊन तो आरेतून जाणाऱ्या बसमध्ये बसला. खिडकीशी बसून पूर्ण रस्ताभर बाहेर बघत होता.

अभ्यास संपल्यावर डॉक्टर केतकींनी बोलावलं. अविनाशला सुट्टी नव्हती म्हणून मी गेले. त्यांनी आम्हाला बसवलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं, "नंदकुमार, तुमच्या कॅप्सूलमध्ये जीवाणू नव्हते."

नंदू म्हणाला, "म्हणजे?"

"तुम्ही रिकाम्या गटात होतात."

"पण मी बरा आहे ना."

"आहात. कधीकधी हा आजार आपोआप शांत होतो. नेहमीच्या गोळ्या होत्याच. कोणीतरी लक्ष देतंय याचाही परिणाम होतो. नक्की कशाने, ते मला सांगता येणार नाही."

"आणि ज्यांना खरी मिळाली, ते?"

"काहींना बरं वाटलं. पण तुमच्या गटापेक्षा फार वेगळं नाही. आता दुसऱ्या जातीचे जीवाणू घेऊन बघणार आहोत."

नंदूने टेबलाच्या कडेवरून बोट फिरवलं. "म्हणजे मी उगाचच बरा झालो," एवढंच म्हणाला. बाहेर आल्यावर आम्ही स्टेशनपर्यंत चालत गेलो. मला वाटलं तो चिडेल. त्याने मला चहा पाजला आणि घरी आल्यावर आईंना सांगितलं, "सगळं ठीक आहे." सोसायटीतल्या बायकांना मात्र त्याने एकेकीला गाठून खरं काय ते सांगितलं. मी म्हटलं, कशाला? तर म्हणाला, "मीच पसरवलं होतं ना. मग मीच आवरायला हवं."

पुढे काही महिन्यांनी दुसरा अभ्यास सुरू झाला. नंदू त्यात नव्हता, पण दर शनिवारी हॉस्पिटलात जाऊन बसायला लागला. नवीन रोग्यांशी बोलायचा. एकदा मी बरोबर होते. कॉलेजातली एक मुलगी आली होती, वडील सोबत. वडिलांनी विचारलं, "तुम्हाला गुण आला?" नंदू म्हणाला, "आला. पण मला पिठाची मिळाली होती." ते बिचारे गोंधळले. मुलगी म्हणाली, "मग मलाही पिठाचीच मिळाली तर? माझं वर्ष फुकट जाईल."

"मिळू शकते," नंदू म्हणाला. "कोणालातरी रिकामी घ्यावीच लागते गं. नाहीतर भरलेलीचं खरंखोटं कळणार कसं? मी घेतली. फुकट नाही गेली."

त्या मुलीने नाव दिलं की नाही ते मला माहीत नाही.

दिवाळीनंतर आजार परत आला, आणि या वेळी आधी कधी नव्हता एवढ्या जोराने. स्टेरॉइडची इंजेक्शनं झाली, त्याच्या पुढचं महागडं औषधही झालं. पोट फुगलं, ताप उतरेना. सर्जन म्हणाले, आतडं काढावं लागेल, थांबण्यात धोका आहे. ऑपरेशनच्या आधी डॉक्टर केतकी खाली वाकून हळूच त्याला काहीतरी विचारत होत्या. काढलेल्या आतड्याचा तुकडा संशोधनाला घेऊ का, असं. नंदूच्या ओठांना कोरड पडली होती. "सगळंच घ्या," म्हणाला. "मला त्याने काही सुख दिलं नाही." मग माझ्याकडे बघून, "वहिनी, आईला हे सांगू नको हां."

ऑपरेशन झालं. पण तोवर जंतू रक्तात पसरले होते. काही दिवस तो आयसीयूत होता. एकदा त्याने डोळे उघडले असं अविनाश म्हणतो. मी समोर होते, मला तसं दिसलं नाही. गेला तो सकाळी. आईंनी विचारलं, "जेवला होता?" मी हो म्हटलं.

मला रडू आलं नाही. लोक येत होते, मी चहा करत होते. कपडे कोणाला द्यायचे ते मीच ठरवलं. विमा कंपनीतून त्याचे साहेब आले, गॅरेजवाले आले, आणि त्यांच्यापैकी एकाने नंदू किती सरळ माणूस होता हे सांगितलं. मी मान हलवत राहिले. अजूनही कोणी त्याचं नाव काढलं की मी तशीच मान हलवते.

त्याचे राहिलेले रिपोर्ट आणायला गेले तेव्हा डॉक्टर केतकी भेटल्या. मला त्यांच्या लॅबमध्ये घेऊन गेल्या. नंदूच्या आतड्यातून त्यांनी जीवाणू वेगळे काढले होते आणि त्यांतला एक प्रकार त्यांना कामाचा वाटत होता. सूज कमी करणारा असावा, म्हणाल्या, पण खात्री व्हायला अजून खूप वेळ जाईल. मग जरा थांबून म्हणाल्या, "ते जिवंत आहेत. बघायचेत तुम्हाला?"

मी हो म्हटलं, कारण त्यांनी विचारलं होतं. त्यांनी जीवाणू वाढवायच्या उबदार कपाटातून काचेची एक चपटी बशी काढून उजेडासमोर धरली. आत फिकट पिवळसर थरावर बारीक पांढरे ठिपके होते. काही एकमेकांना चिकटलेले, काही सुटे. त्या माझ्या चेहऱ्याकडे बघत होत्या. काहीतरी बोलायला हवं होतं.

"वाढतात का?" मी विचारलं.

"हो. कालच्यापेक्षा आज जास्त आहेत."

"बरं," मी म्हटलं. त्यांनी बशी परत कपाटात ठेवली आणि दार लावून घेतलं.